पाकिटावरचं नाव

कायमितो, ११ मे १९९२

एलिओदोरो,

नुसतंच एलिओदोरो. 'दादा' लिहायला बसलो होतो, पण पेन पुढे सरकेना.

आधी पाकिटाचं सांगतो, कारण माझा राग तिथूनच सुरू होतो. तुला पत्र घालायचं म्हणजे मला पाकिटावर माझंच नाव लिहावं लागतं. क्रिस्पिन लिनारेस, बॅटिंग कोच, बेसबॉल क्लब, विल्कॉट, अमेरिका. आणि पाठवणाऱ्याच्या जागी तुझं, एलिओदोरो लिनारेस, कायमितो. तू माझ्या जन्मदाखल्यावर चार वर्षांनी लहान होऊन तिकडे गेलास त्याला एकवीस वर्षं झाली. एकवीस वर्षं मी मलाच पत्रं पाठवतोय आणि ती फोडतोयस तू.

ते मी गिळलं. आईनं सांगितलं म्हणून गिळलं. पण आता जे चाललंय ते घशाखाली उतरत नाही. साखर कारखान्यामागच्या मैदानाला नवीन भिंत बांधली, लोखंडी फाटक लावलं, आणि फाटकावर हातभर अक्षरांत नाव येणार आहे: 'क्रिस्पिन लिनारेस मैदान'. २९ जूनला सान पेद्रोच्या सणाला उद्घाटन. नगराध्यक्ष शहरातून आलेला माणूस, त्याला काय माहीत! त्यानं मला ऑफिसात बोलावून खुर्ची दिली आणि म्हणाला, "सेन्योर एलिओदोरो, तुमचे धाकटे बंधू येऊ शकत नाहीत, तेव्हा त्यांच्या वतीनं फीत तुम्ही कापा." धाकटे बंधू! काल मी मैदान बघायला गेलो तर वॉचमननं हटकलं. काम चालू आहे, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत म्हणे. फाटकावर माझं नाव लागणार, आणि मी बाहेरचा!

त्यात तुझी ती मुलाखत. शाळेच्या मास्तरांनी मासिक आणून वाचून दाखवलं. 'माझा भाऊ एलिओदोरो सोड्याच्या बाटल्यांची झाकणं गोळा करायचा आणि मी केरसुणीच्या दांड्यानं ती मारायचो. भावाला खेळात रस नव्हता. साधा, भला माणूस.' अरे भल्या माणसा, झाकणं फेकत कोण होतं? चिंचेखाली उभं राहून अंगठा आणि मधल्या बोटात धरून मी ती अशी सोडायचो की तुझ्यापर्यंत सरळ येऊन एकदम खाली बसायची. पहिले तीन महिने तू नुसती हवा मारत होतास. बॅट फिरायच्या आधीच तुझा खांदा दारासारखा उघडायचा. मी बोंबलायचो, "दार लाव! दार लाव!" तेच 'दार लाव' आता त्या मासिकात ठळक अक्षरांत छापलंय. लिनारेस पद्धत म्हणे. लिनारेस खरं, पण कुठला?

नगराध्यक्षाला तूच लिही. माझं नाव लावू नका म्हणावं. कारण काय द्यायचं ते तू बघ. तुला बाता मारायला चांगलं जमतं.

क्रिस्पिन (अस्सल)


विल्कॉट, २४ मे १९९२

क्रिस्पिन,

पहिली गोष्ट, असलं काही पुन्हा कागदावर लिहू नकोस. इथे माझं टपाल क्लबच्या ऑफिसातून येतं. पत्र कुणी फोडलं असतं तर?

तुझं पत्र वाचून माझंही डोकं फिरलं. तुला काय वाटतं, मी इथे गादीवर लोळतोय? कोच म्हणजे काय ते एकदा येऊन बघ. नऊ-नऊ तास बसमध्ये. उतरलं की वीस पोरं, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्याला सगळं येतं. एका गुडघ्यावर बसून बाजूनं चेंडू उडवायचे, दिवसाला पाचशे. चेंडू लागला की पोरगा हुशार, सुटला की कोच नालायक. उठताना गुडघे असे वाजतात की पोरं हसतात. म्हणतात, "चाळिशीही नाही आणि कोच म्हातारा झाला!" चव्वेचाळिसावं चालू आहे हे मी कुणाला सांगू?

माझं काय गेलं ते तुला माहीत नाही. चौऱ्याऐंशी साली वेगवान चेंडू बॅटला चुकवून जायला लागला. क्लबचे साहेब म्हणाले, एकतिसाव्या वर्षी असं होत नाही, हा आळशी झालाय. मी छत्तिसाचा होतो रे! डोळे गेले होते, आळस नव्हता. पण बोलणार कसं? आळशी असा शिक्का बसला आणि खेळ संपला. दर पंचवीस ऑक्टोबरला हे लोक तुझ्या वाढदिवसाचा केक माझ्यापुढे ठेवतात. माझा तीन जुलै कधी येतो आणि जातो, कुणाला पत्ता नसतो.

आणि तू कशाला एवढा चिडतोस? तुला खेळायचंच कुठे होतं! आईनं तसं लिहिलंही होतं. वर्कशॉपमध्ये लेथ फिरवायला कुठलंही नाव चालतं. मला मात्र ह्याच नावानं कमवावं लागलं. तिथे आईच्या घरावर पत्रे आले ते ह्याच नावानं.

इथे माझा शब्द मोलाचा आहे. परवाचीच गोष्ट. आपल्याकडचाच एक पोरगा आलाय, ओविदिओ, तुमच्या शेजारच्या वस्तीतला. दाखल्यावर एकोणीस. मी दोन दिवस त्याला चेंडू टाकले, मनगटं बघितली. एकोणिसाव्या वर्षी बॅट आधी पळते आणि डोकं मागून येतं. ह्याचं डोकं आधी पोचत होतं. साहेबांनी विचारलं, "तू तिकडचा, तुला काय वाटतं?" मी म्हणालो, तेवीस. चौकशी झाली आणि खरं निघालं, चुलतभावाचा दाखला. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "क्रिस्पिन, तुझी नजर म्हणजे सोनं आहे." ही किंमत मी मिळवलीय.

फीत काप, चार लोकांत मिरव आणि विसरून जा.

तुझा भाऊ


कायमितो, ७ जून १९९२

एलिओदोरो,

नजर म्हणजे सोनं! दाढी करताना आरशात बघतोस ना, तेव्हा ही नजर कुठे जाते?

ओविदिओ परत आलाय. त्याची आई कारखान्याच्या फाटकाशी तळलेली मासळी विकते, ठाऊक आहे ना तुला, डोन्या तोमासिना. चार दिवस तिची कढई चढली नाही. पोरगा घरात तोंड लपवून बसलाय. तिला कुणी तरी सांगितलं की आपल्याच लिनारेसनं ओळखलं. ती माझ्या दारात आली. म्हणाली, "क्रिस्पिन, तुझ्या दाखल्यावर गेलेल्यानं माझ्या पोराचा दाखला फाडला?" मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. अरे, अख्ख्या कायमितोला माहीत आहे तू कोण ते! एकवीस वर्षं कुणी ब्र काढला नाही. जुनी माणसं मला तोंडावर क्रिस्पिन म्हणतात, पण शहरातला माणूस दिसला की जीभ वळवून एलिओदोरो म्हणतात. आपल्या वस्तीनं तुझं झाकलं, आणि तू पहिली संधी मिळताच आपल्याच पोराचं उघडं केलंस. वर मला फुशारकीनं कळवतोस!

आणि मला खेळायचं नव्हतं म्हणे. बरं, ऐक तर मग.

एकाहत्तरचा नोव्हेंबर. तुला जाऊन वर्ष होत आलं होतं. दुसऱ्या एका क्लबचा माणूस पोरं हेरत इथे आला. मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमधून पळत गेलो, हाताला ग्रीस तसंच. वीस चेंडू टाकले. झेल घेणाऱ्यानं सातव्या चेंडूला हातमोजा काढून हात झटकला. माणसानं पेन्सिल काढली. "नाव?" आई मागेच उभी होती, ती म्हणाली, "एलिओदोरो." घरात तेवढाच एक दाखला उरला होता. त्यानं तो बघितला आणि पेन्सिल खिशात ठेवली. "तेवीस. हात सुंदर आहे तुझा, पण चार वर्षं उशीर केलास." मी म्हणालो, साहेब, मी एकोणीस वर्षांचा आहे, हा दाखला माझा नाही. तो हसला. "मग तुझा आण." माझा कुठे होता? तुझ्या खिशात, अमेरिकेत.

तेव्हापासून मी लेथ फिरवतोय. फावल्या वेळात पोरांना बॅटी करून देतो. बॅटी! चेंडू टाकणारा माणूस मी.

आता स्पष्ट सांगतो. २९ तारखेला माझ्यापुढे माइक येणार. माझा बाप्तिस्म्याचा कागद पाद्रीबाबांकडे आहे, तो मी काढून घेतलाय. त्यावर खरं काय ते आहे. नगराध्यक्षाला तू लिहिलं नाहीस तर मी सगळ्यांदेखत वाचून दाखवीन. मग तुझं काय व्हायचं ते होवो.

क्रिस्पिन


विल्कॉट, १६ जून १९९२

क्रिस्पिन,

हे मला आज कळतंय! एकाहत्तरचं आज, ब्याण्णवमध्ये!

त्या डिसेंबरात आईचं पत्र आलं होतं. आईला लिहिता येत नव्हतं, अक्षर तुझं आहे. पेटीच्या तळाशी होतं, काढून समोर ठेवलंय. 'क्रिस्पिनला खेळाचा कंटाळा आला आहे. त्यानं कारखान्यात नोकरी धरली. तो खुशीत आहे.' 'खुशीत'खाली रेघ मारलीयस तू. दोनदा मारलीयस. मग मला कसं कळावं? मी कोच आहे, ज्योतिषी नाही! ह्या एका कागदावर मी एकवीस वर्षं शांत झोपलो. आता तू म्हणतोस खोटं होतं ते. मग तेव्हाच का नाही लिहिलंस? तोंड शिवलं होतं कुणी?

२९ तारखेला तू बोललास तर दुसऱ्या दिवशी पेपरात येईल आणि आठवड्यात क्लबला कळेल. व्हिसा तुझ्या नावावर, करार तुझ्या नावावर. मला हाकलतील आणि पुन्हा ह्या देशात पाऊल ठेवू देणार नाहीत. मला दुसरं काही येत नाही रे. मला फक्त पोरांच्या खांद्याचं दार लावता येतं.

ओविदिओचं म्हणशील तर मी काय करायला हवं होतं? साहेबांनी तोंडावर विचारलं. खोटं बोलायला हवं होतं का मी?

हे वरचं वाक्य लिहिलं आणि खिशातलं तुझ्या नावाचं ओळखपत्र काढून बघितलं. पत्र इथेच बंद करतो.

एलिओदोरो


कायमितो, ३० जून १९९२

एलिओदोरो,

तोंड आईनं शिवलं होतं. ते पत्र लिहिताना ती माझ्या मागे उभी होती, हातात भाताचा डाव. मी म्हणालो, आई, हे खोटं आहे, मी नाही लिहिणार. ती म्हणाली, "त्याला कळलं तर तो सगळं टाकून परत येईल. मग माझे दोन्ही मुलगे ऊस तोडतील. एक तरी वर राहू दे." तिला तुझा स्वभाव असा वाटत होता. मला खात्री नाही, पण तिला होती. रेघ मी रागानं मारली, पेन कागदात घुसलं होतं. वाटलं तुला समजेल. तू एवढा हेरणारा, पोराच्या मनगटावरून वय ओळखणारा, भावाची रेघ नाही ओळखता आली तुला.

आता कालचं.

मी पांढरा सदरा घातला, कागद खिशात ठेवला. मांडवात पहिल्या रांगेत बसलो. नगराध्यक्ष अर्धा तास बोलला. क्रिस्पिन लिनारेस असा आणि क्रिस्पिन लिनारेस तसा. मध्येच मागून म्हातारी डोन्या उबाल्दा ओरडली, "क्रिस्पिन, टोपी काढ, मागच्यांना दिसत नाही!" नगराध्यक्ष थांबला आणि म्हणाला, "आजी, क्रिस्पिन अमेरिकेत आहे." सगळा मांडव हसला. लोक पोट धरून हसत होते, आणि माझ्या कानांतून वाफ निघत होती.

मग माइक माझ्या हातात आला. मी कागद बाहेर काढला. उलगडला. समोर बघितलं. फेलिसिआनो बसला होता, त्याचा मुलगा आतेभावाच्या दाखल्यावर गेलाय. त्याच्या शेजारी एक नवरा-बायको, त्यांचा मुलगा मेलेल्या भावाच्या दाखल्यावर. त्यांच्या मागे तोमासिना. सगळे माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होते, आणि कुणी हसत नव्हतं. कागद कसला हे त्यांना सांगावं लागलंच नाही. मी एक नाव वाचलं असतं तर महिनाभरात क्लबांची माणसं येऊन घराघरांतले दाखले तपासत बसली असती. तुला जे जमलं ते मला जमलं नाही.

कागद घडी करून ठेवला आणि म्हणालो, "माझा भाऊ आभारी आहे." फीत कापली. तुझ्या नावानं टाळ्या घेतल्या. त्याचा मला जो संताप आला तो इथे लिहून मावणार नाही.

मग पहिला चेंडू टाकायचा मान म्हणून मला मैदानात नेलं. शाळेतला एक थोराड मुलगा झेल घ्यायला बसला होता. नगराध्यक्ष म्हणाला, "हळू टाका हं सेन्योर एलिओदोरो, खांदा दुखेल." मी फाटकावरच्या पाटीकडे बघितलं. चेंडू बोटांत फिरवला, झाकण फिरवायचो तसा. सरळ गेला आणि त्या मुलाच्या हातमोज्याजवळ एकदम खाली बसला. मुलगा अजून वरच झेल धरतोय आणि चेंडू मागच्या भिंतीवर. मांडवातून कुणी टाळी वाजवली नाही. नुसते उभे राहिले सगळे. ओविदिओ भिंतीपाशी होता, त्यानं चेंडू उचलून आणून दिला.

स्वतःच्या नावाखाली मी आयुष्यात एकच चेंडू टाकला. तुझी नोकरी शाबूत आहे, निश्चिंत राहा. आता पत्र लिहू नकोस. पाकिटावर स्वतःचं नाव लिहून मला वीट आलाय.

क्रिस्पिन


विल्कॉट, ३ जुलै १९९२

क्रिस्पिन,

२९ला तू काय केलंस मला माहीत नाही. तुझं पत्र आलेलं नाही आणि मी वाटही बघत नाही. तू बोलला असशील तर बरोबर केलंस. नसशील तर मी बोललो.

आज सकाळी साहेबांच्या खोलीत गेलो. म्हणालो, ओविदिओचं वय मी सांगितलं, आता आणखी एकाचं सांगायचंय. ते म्हणाले, "कोण? मनगटं बघितलीस का?" मी म्हणालो, "रोज बघतो." आणि माझे हात टेबलावर ठेवले. त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी दार लावून घेतलं, मला चोर म्हणाले, लबाड म्हणाले, आणि एकतिसाव्या वर्षी आळशी म्हटलं होतं त्याबद्दल मात्र एक शब्द नाही. तेवढं मी त्यांना सुनावून आलो. म्हणालो, छत्तिसाव्या वर्षी जेवढं मारलं तेवढं तुमच्या पंचविशीतल्या पोरांनी मारून दाखवावं! आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत माझा आवाज चढला.

फक्त माझं सांगितलं. आणखी कुणाचं विचारलं, तर म्हणालो, माझी नजर गेली.

पंधरा दिवसांत निघायचंय. आज मी चव्वेचाळीस वर्षांचा झालो आणि हे मी मोठ्यानं म्हणू शकतो. तोमासिनाच्या दारात आधी जाईन, ती काय म्हणेल ते ऐकून घेईन. ओविदिओ तेविसाचा आहे, त्याचा खांदाही आधी उघडतो, अजून काही बिघडलेलं नाही. त्याला आपण दोघं बघू.

फाटकावरची पाटी उतरवू देऊ नकोस. झाकणं ह्या वेळी मी गोळा करीन, फेकायला तू उभा राहा.

पत्र रजिस्टरनं पाठवतोय. फोडण्याआधी पाकीट बघ.

एलिओदोरो


कायमितो, १८ जुलै १९९२

दादा,

तू हे काय करून ठेवलंस?

परवा पोस्टातून चिठ्ठी आली, रजिस्टर पत्र आहे म्हणून. गेलो. कारकुनानं पाकीट काढलं, नाव वाचलं, मला म्हणाला, "ओळखपत्र." मी दिलं. तो एकदा पाकीट बघतो, एकदा ओळखपत्र. "सेन्योर एलिओदोरो, हे पत्र क्रिस्पिन लिनारेसला आहे. तुम्हाला कसं देऊ?" मी म्हणालो, क्रिस्पिन मीच. तो हसायला लागला. म्हणाला, "क्रिस्पिन लिनारेस कोण हे पोस्टाला शिकवता? अख्खं मैदान आहे त्यांच्या नावाचं!"

मी काउंटरवर मूठ आपटली. डोन्या उबाल्दाला साक्षीला बोलावून आणलं. तिनं शपथेवर सांगितलं, मी ह्याला लंगोटात बघितलाय, हा क्रिस्पिनच. कारकून म्हणाला, लंगोटाचा शिक्का चालत नाही. पाद्रीबाबांचा कागद दाखवला, त्यावर फोटो नाही म्हणे. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या नावानं पत्र आलं, आणि ते मला मिळत नाही! दीड तास मी तिथे आरडाओरडा केला. शेवटी त्याला माझी दया आली असावी. त्यानं पाकीट जाळीला टेकवून धरलं आणि म्हणाला, "लांबून बघा हवं तर."

बघितलं. वर क्रिस्पिन लिनारेस, कायमितो. खाली एलिओदोरो लिनारेस. अक्षर तुझं. मी ते तीन वेळा वाचलं.

आत काय लिहिलंयस मला माहीत नाही. पण असं पाकीट तू क्लबच्या ऑफिसातून पाठवलंस, म्हणजे काय झालं असेल ते कळायला मला सोन्याची नजर लागत नाही. मूर्खा, कुणी सांगितलं होतं तुला? मी बोललो नव्हतो! थोडं थांबला असतास तर माझं पत्र मिळालं असतं! रागावलोय मी, प्रचंड रागावलोय, आणि काल जेवण गेलं नाही.

पत्र पोस्टात तीस दिवस ठेवतात. क्रिस्पिन लिनारेसचं ओळखपत्र जगात फक्त तुझ्याजवळ आहे. तेव्हा आता तूच ये, माझ्या नावानं सही कर, आणि माझं पत्र सोडवून माझ्या हातात दे.

हे पाकीट मी एलिओदोरो लिनारेस, विल्कॉट, असं लिहून टाकतोय. तिथल्या पोस्टात असा कुणी माणूस नाही म्हणून त्यांनी तुला दिलं नाही, तर तूही भांड त्यांच्याशी.

तुझा,
क्रिस्पिन